सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग दुर्बीण कशाला? (मोठ्या आतड्याच्या तपासण्यांबद्दल)

मधुरा_नाशिक
नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड आहे, पण इथे मोकळेपणाने बोलता येतं म्हणून धागा काढतेय.

नवरा ५२ वर्षांचा. तक्रार कसलीही नाही. मोठे दीर (वय ५८) न्यू जर्सीला असतात. त्यांची नुकतीच कोलोनोस्कोपी झाली, पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढणारे कोंब) सापडले, तिथल्या तिथे काढले. तेव्हापासून दिरांनी धोशा लावलाय, "तूही करून घे." आमच्या ह्यांचं म्हणणं, कंपनीतर्फे दरवर्षी फुल बॉडी चेकअप होतं, पोटाची सोनोग्राफी नॉर्मल, सीईए नावाची रक्ततपासणी नॉर्मल, मग धडधाकट माणसाने खालून दुर्बीण का घालून घ्यायची? त्यात परवा इथल्या एका सेंटरची जाहिरात आली. "व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी. दुर्बीण नाही, भूल नाही, पंधरा मिनिटांत मोकळे." साहेब खूश. आता म्हणतात, केलीच तर ही करीन.

कोणी करून घेतली आहे का? दुर्बिणीऐवजी ती चालते का? आणि सोनोग्राफीच्या नॉर्मलला काही अर्थ आहे की नाही?

कट्ट्यावरचा_पंत
फुल बॉडी चेकअपमध्ये बॉडी फुल नसते हे एव्हाना सगळ्यांना कळायला हवं होतं. असो. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.
(दुर्बिणीच्या आधी पॉपकॉर्न चालत नाही म्हणे.)

क्ष_किरण
मधुराताई, मी रेडिऑलॉजिस्ट आहे. दिवसभर सोनोग्राफीच करतो, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलायचा मला हक्क आहे. सोनोग्राफीत मोठ्या आतड्यातले पॉलिप दिसत नाहीत. ध्वनिलहरी हवेपाशी अडतात आणि मोठ्या आतड्यात हवा नि मळ भरलेला असतो. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, प्रोस्टेट यांच्यापुढे आम्ही 'नॉर्मल' लिहितो, आतड्याच्या आतल्या अस्तराबद्दल त्या रिपोर्टात चकार शब्द नसतो. जुना रिपोर्ट काढून बघा, पोटातल्या गॅसमुळे अमुक भाग नीट दिसला नाही अशी ओळ बहुधा सापडेल. गाठ चांगली वाढून भिंत जाड झाली असेल तर कधीतरी दिसते, पण तेव्हा स्क्रीनिंगची वेळ गेलेली असते.

सीईए तर स्क्रीनिंगसाठी नाहीच. सुरुवातीच्या कर्करोगात ती बऱ्याचदा नॉर्मल येते आणि नुसत्या सिगारेटींमुळे वाढलेली दिसू शकते. कर्करोगाचं निदान झाल्यावर, उपचारानंतर आजार परततोय का हे बघायला तिचा खरा उपयोग. पॅकेजमध्ये ती का घालतात? पॅकेज भरगच्च दिसतं म्हणून. हे माझं मत.

आता व्हर्च्युअल कोलोनोस्कोपी. आमच्या भाषेत सीटी कोलोनोग्राफी. हे भोंदू प्रकरण नाही. १९९४ साली डेव्हिड व्हायनिंग या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने सीटीच्या कापांवरून संगणकावर आतड्याच्या आतून फिरण्याचं चित्र उभं करून दाखवलं, तिथून ती सुरू झाली. आदल्या दिवशी हलका, चोथा नसलेला आहार, मग पोट साफ करण्याचं औषध आणि सोबत प्यायला थोडं कॉन्ट्रास्ट. आतड्यात उरलासुरला मळ किंवा पाणी असेल तर ते या कॉन्ट्रास्टमुळे पांढरं दिसतं, म्हणजे पॉलिपशी घोटाळा होत नाही. टेबलावर गुदद्वारातून बोटाहून बारीक नळी घालून कार्बन डायऑक्साइडने आतडं फुगवतात. एक स्कॅन उताणं झोपवून, एक पालथं. दोनदा का, तर मळाचा तुकडा कूस बदलली की घरंगळतो, पॉलिप जागचा हलत नाही.

म्हणजे जाहिरातीतली पंधरा मिनिटं खरी आहेत, पण ती टेबलावरची. आदली रात्र संडासातच काढावी लागते, तिच्यातून सुटका नाही.

शंकासुर
डॉक्टर, मग दिसतं तरी किती? की 'बघितलं' एवढंच समाधान?

क्ष_किरण
@शंकासुर, २००३ मध्ये पिकहार्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. तक्रार नसलेल्या १,२३३ लोकांची एकाच दिवशी आधी सीटी आणि मग दुर्बीण केली. दुर्बीण करणाऱ्याला सीटीत काय दिसलं ते आधी सांगायचं नाही, आतड्याचा तो भाग त्याचा बघून झाला की मग सांगायचं. १० मिमी आणि त्याहून मोठ्या अ‍ॅडिनोमांपैकी (पुढे कर्करोगात बदलू शकणारे पॉलिप) सीटीने ९३.८ टक्के पकडले आणि पहिल्या नजरेत दुर्बिणीने ८७.५ टक्के. सीटीचा निकाल कळल्यावर परत जाऊन बघितलं तेव्हा दुर्बिणीवाल्यांना काही सुटलेले सापडले. तेव्हा गॅस्ट्रोवाले (दुर्बीण करणारे पोटविकारतज्ज्ञ) थोडे हिरमुसले होते :)

पुढे २००८ मध्ये १५ केंद्रांवर अडीच हजार लोकांचा अभ्यास झाला, तिथे मोठ्या पॉलिपसाठी आकडा ९० टक्के आला. म्हणजे मोठ्यांसाठी चांगली. आकार कमी होत जातो तशी नजर मंदावते. ५ मिमी आणि त्याखालचे आम्ही सहसा रिपोर्टच करत नाही. आणि सपाट, चादरीसारखे पसरलेले पॉलिप सीटीला जड जातात. उजव्या बाजूला असे सपाट पॉलिप बरेच असतात, ही तिची दुखरी नस.

पोटोबा
हिरमुसलेल्यांपैकी मी एक :) गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट.

क्ष_किरण यांनी लिहिलंय त्यातलं सगळं मान्य. फक्त एक जोडतो: सीटी बघते, काढत नाही. १० मिमीचा पॉलिप दिसला की पेशंट माझ्याकडेच येतो आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा पोट साफ करायचं औषध पितो. दुर्बिणीत दिसला की तारेच्या फासाने तिथेच काढला, बाटलीत घातला, बायोप्सीला पाठवला. बहुतेक मोठ्या आतड्याचे कर्करोग अशा पॉलिपपासून सुरू होतात आणि त्याला साधारण दशकभर लागतं. पॉलिप काढला की कर्करोगाची ती वाटच बंद होते.

मधुराताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला एक कागद हवा आहे. दिरांच्या पॉलिपचा बायोप्सी रिपोर्ट. किती मिमीचा होता आणि कुठल्या प्रकारचा? त्यावर तुमच्या मिस्टरांचं उत्तर बदलू शकतं.

मधुरा_नाशिक
@पोटोबा, मागवते. दिरांना विचारलं तर "छोटेसे होते गं" एवढंच म्हणाले.

हडसनकाठी
न्यू जर्सीकर हजर. (मधुराताईंचे दीर मी नव्हे, आधीच सांगतो.)

इकडे कोलोनोस्कोपी ही पन्नाशीची मुंज आहे. पार्किंग लॉटमध्ये दोन देशी काका भेटले की "तुमची झाली का?" विचारतात. २०२१ पासून तर वय ४५ वर आणलंय, म्हणजे मुंज लवकर. सरासरी जोखमीच्या माणसाला पर्याय बरेच आहेत: दरवर्षी मळाची फिट टेस्ट (मळात लपलेलं रक्त शोधणारी), दर १० वर्षांनी कोलोनोस्कोपी, दर ५ वर्षांनी सीटी कोलोनोग्राफी, शिवाय मळातल्या डीएनएची तपासणी. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) मात्र सीटीचे पैसे देत नव्हती, २००९ मध्ये सरळ नाकारलं होतं. शेवटी १ जानेवारी २०२५ पासून द्यायला लागली आणि त्याच फटक्यात बेरियम एनिमा (आतड्यात बेरियम भरून काढायचा जुना एक्स-रे) यादीतून काढून टाकला.

गंमत सांगतो. २००२ आणि २००७ मध्ये बुश यांच्या कोलोनोस्कोपीच्या वेळी भूल होती म्हणून अध्यक्षपदाचे अधिकार तेवढ्यापुरते उपाध्यक्ष चेनींकडे गेले होते. २०२१ मध्ये बायडेन यांची झाली तेव्हा कमला हॅरिसकडे, ८५ मिनिटं. मधे ओबामांनी २०१० मध्ये बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात सीटीवाली करून घेतली. भूल नाही, त्यामुळे अधिकार कोणाला द्यायचा प्रश्नच नाही.

क्ष_किरण
आणि वरचा २००३चा अभ्यास ज्या लष्करी रुग्णालयांत झाला त्यातलं एक हेच बेथेस्डा. ओबामांना तिथे अनुभवी हात मिळाले.

कट्ट्यावरचा_पंत
आमच्याकडे भूल दिली की रिमोटचे अधिकार बायकोकडे जातात आणि शुद्धीवर आलं तरी परत मिळत नाहीत.

आजीचा_बटवा
इतकी यंत्रं कशाला? रात्री त्रिफळा, जेवणात ताक, सकाळी वेळेवर पोट साफ. आमच्या घरात कोणाला पॉलिप नाहीत.

शंकासुर
@आजीचा_बटवा, कोणाची तपासणी झाली आहे का घरात?

आजीचा_बटवा
गरजच पडली नाही!

शंकासुर
:)

वाडीकर
आमच्या सिंधुदुर्गात वेगळीच गोष्ट. गावातल्या एका काकांना शौचाला रक्त पडायचं. गावाचं निदान ठरलेलं, मूळव्याध. एका माणसाकडचं झाडपाल्याचं औषध, मग दुसऱ्याचं, मग 'एका इंजेक्शनात मोड गळून पडतील' वाला. वर्ष गेलं. वजन उतरलं तेव्हा मुलगा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी हातमोजा घालून बोटानेच तपासलं आणि गाठ लागली. गुदाशयाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, मळासाठी पोटावर पिशवी आहे, काका आज शेतात जातात. पण वर्षभर कोणी बोट लावून बघितलं नव्हतं, सीटी-दुर्बीण तर राहिलीच.

इथे सगळे सीटी आणि ओबामांबद्दल बोलताहेत म्हणून लिहिलं.

पोटोबा
वाडीकर, फार महत्त्वाचं लिहिलंत, धाग्याच्या वरच डकवून ठेवायला हवं. स्क्रीनिंग म्हणजे तक्रार नसलेल्या माणसाची तपासणी. रक्त पडतंय, शौचाची सवय बदलली आहे, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलंय, वजन घटतंय, अशा माणसाने 'कुठली स्क्रीनिंग टेस्ट करू' हा प्रश्नच विचारायचा नाही. त्याला निदान हवं, सरळ डॉक्टर गाठायचा. मूळव्याध असली तरी तिच्या वर दुसरं काही नाही, हे बघितल्याशिवाय कळत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

आपल्याकडे या कर्करोगात गुदाशयाचं प्रमाण बरंच आहे आणि पन्नाशीच्या आतले पेशंटही नेहमी दिसतात. म्हणून बोटाची तपासणी सोडायची नाही.

क्ष_किरण
बोटाच्या तपासणीला दुजोरा. सीटी कोलोनोग्राफीत गुदाशयाचा अगदी खालचा भागच थोडा अवघड असतो, नळी आणि तिचा फुगा तिथेच असतो. जिथे काकांची गाठ होती नेमका तोच पट्टा.

टेम्स_तीरी
इंग्लंडची पद्धत वेगळी. इथे आधी कोणी दुर्बीण घालत नाही. ठराविक वयापासून दर दोन वर्षांनी पोस्टाने फिटचं पाकीट येतं. काडीने मळाचा अंश घ्यायचा, छोट्या बाटलीत खोचायचा, पोस्टात टाकायचा. आमच्या ह्यांनी पहिल्या वेळी पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि चार दिवस त्याला कोणी हात लावेना. मळात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं तर बोलावणं येतं, मग कोलोनोस्कोपी.

सासूबाई ७१च्या, हृदयाचा त्रास, फिट पॉझिटिव्ह आली. त्यांना दुर्बीण झेपणार नाही म्हणून सीटी दिली. मी सोबत होते. टेबलावर डाव्या कुशीवर झोपवलं, नळी घातली, वायू सोडायला लागले तसं पोट टम्म फुगलं. सासूबाईंना इंग्रजी फार येत नाही, मशीनमधून "श्वास घ्या, रोखा" अशी सूचना यायची आणि त्या मलाच विचारायच्या, "आता सोडू का?" मी काचेपलीकडून हातवारे करत होते. पालथं होताना गुडघा दुखला तेवढंच. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "चहा मिळेल का?" निकाल चांगला आला. मात्र पित्ताशयात खडे आहेत असं कळलं, जे कोणी विचारलंच नव्हतं.

शंकासुर
हेच मला खटकतं. आतडं बघायला गेलो आणि मूत्रपिंडावर गाठ, यकृतावर डाग, फुप्फुसाच्या तळाशी ठिपका. मग पुन्हा सीटी, पुन्हा फी, रात्रीची झोप गायब. शिवाय रेडिएशन.

क्ष_किरण
झोप जाते हे खरं. बहुतेक गोष्टी निरुपद्रवी निघतात: साधं पाणथळ सिस्ट, खडे वगैरे. अधूनमधून महाधमनीचा फुगवटा किंवा मूत्रपिंडाचा लहान कर्करोग वेळेत सापडतो, त्या माणसासाठी लॉटरी. पण आधी पेशंटशी यावर बोलायला हवं, आणि आम्ही फार कमी बोलतो.

रेडिएशन: स्क्रीनिंगसाठी कमी मात्रेचा प्रोटोकॉल असेल तर साधारण ३ ते ६ मिलीसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. पन्नाशीच्या माणसाला पाच वर्षांतून एकदा म्हणजे घाबरण्यासारखं नाही. तुमच्या सेंटरवर विचारा, कमी मात्रेचा प्रोटोकॉल आहे का. नेहमीच्या पोटाच्या सीटीसारखाच करत असतील तर तिथे करू नका. आणि साधा पोटाचा सीटी, आतडं साफ न करता, न फुगवता केलेला, पॉलिपसाठी कुचकामी. काही लोक "माझा सीटी नॉर्मल आहे" म्हणून येतात, तो खड्यासाठी काढलेला असतो.

पारिजात
माझा अनुभव तिसराच. गर्भाशय काढल्याचं ऑपरेशन आणि त्याआधी दोन सिझेरियन, त्यामुळे पोटात आतडी चिकटलेली. दुर्बीण अर्ध्यापर्यंत गेली, पुढे वळणच घेईना. जबरदस्ती न करता डॉक्टर थांबले आणि त्याच दिवशी सीटी कोलोनोग्राफी करून उरलेला भाग बघितला. पोट साफ होतंच, त्यामुळे दुसऱ्यांदा ते पाणी प्यावं लागलं नाही. सीटीवाल्या ताईंनी स्क्रीनवर दाखवलं, आतून गुलाबी बोगदा, मधे मधे कडी. मला वाटलं होतं भयानक असेल. पण गुलाबी रंग संगणकाने भरलेला असतो हे कळल्यावर थोडा हिरमोड झाला.

पोटोबा
अर्धवट राहिलेल्या दुर्बिणीनंतर सीटी हा तिचा उत्तम उपयोग. त्यात वाद नाही.

तोक्यो_तळेगाव
जपानचं सांगतो. १९९२ पासून चाळिशीनंतर दरवर्षी फिट, दोन वेगवेगळ्या दिवशीचे नमुने. कंपनीच्या वार्षिक तपासणीतच असतं. पॉझिटिव्ह आली की दुर्बीण. आणि दुर्बिणीत नुसता पांढरा उजेड नसतो. बटण दाबलं की फक्त निळा आणि हिरवा प्रकाश. रक्तातलं हिमोग्लोबिन हे दोन रंग शोषतं, त्यामुळे पॉलिपवरच्या केशवाहिन्या गडद तपकिरी उठून दिसतात आणि डॉक्टर तिथेच अंदाज बांधतात, हा साधा की काढायलाच हवा असा. शिवाय इंडिगो कार्माइन नावाची निळी शाई शिंपडतात, ती खाचांमध्ये साचते आणि सपाट पॉलिपच्या कडा उमटतात. वर कोणी म्हणालं ना सपाट पॉलिप सीटीला अवघड, त्यांच्यासाठी ही युक्ती.

शंकासुर
आता मी खडा टाकतो. २०२२ मध्ये पोलंड, नॉर्वे, स्वीडनमधला नॉर्डिक अभ्यास आला होता. ८४,५८५ लोक. कोलोनोस्कोपीला बोलावलेल्यांमध्ये १० वर्षांत कर्करोग फक्त १८ टक्क्यांनी कमी. एवढा गाजावाजा आणि १८ टक्के?

पोटोबा
@शंकासुर, खडा वाजवी आहे, पण अर्धाच टाकलात. बोलावलेल्यांपैकी फक्त ४२ टक्के लोक आले. बाकीचे घरी बसले, तरी हिशेबात 'बोलावलेले' म्हणून धरले गेले, कारण तशाच पद्धतीने अभ्यास आखला होता. ज्यांनी प्रत्यक्ष करून घेतली त्यांच्यात घट साधारण ३१ टक्के निघते, आणि १० वर्षं या आजारासाठी कमीच.

खरं दुखणं तिथेच आहे. लोक येतच नाहीत. म्हणूनच मी सीटीचा शत्रू नाही. जो माणूस दुर्बिणीला जन्मात येणार नाही, तो फिट किंवा सीटी करत असेल तर मी त्याला हार घालीन.

आणि दुर्बीण दुर्बिणीतही फरक असतो. पॉलिप मुख्यतः दुर्बीण बाहेर काढताना शोधतात, आत घालताना नाही. काढायला किमान सहा मिनिटं तरी द्यावीत असा दंडक आहे. घाईघाईत ओढून घेणाऱ्याचे पॉलिप सुटतात. हल्ली पडद्यावर संशयित जागेभोवती चौकट काढून दाखवणारी एआय आली आहे. चांगली आहे, पण २०२५ मध्ये पोलंडमधला एक अभ्यास आला: एआयची सवय लागल्यावर ती नसताना त्याच डॉक्टरांचं अ‍ॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर घसरलं. आम्हा लोकांच्या नजरेला आळस चढतो.

कट्ट्यावरचा_पंत
जीपीएस आल्यापासून मला लक्ष्मी रोड सापडत नाही, तसंच.

हडसनकाठी
कोणी कॅप्सूलबद्दल बोललंच नाही. गोळीत कॅमेरा, दोन्ही टोकांना. गिळायची आणि सोडून द्यायची.

पोटोबा
दुर्बीण अर्धी राहिलेल्यांसाठी अमेरिकेत २०१४ मध्ये तिला मान्यता मिळाली. पण पोट दुर्बिणीहूनही चोख साफ लागतं, गोळी पुढे सरकावी म्हणून वर आणखी औषधं, आणि काही सापडलं तर शेवटी दुर्बीण आहेच. गोळी बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही. आपल्याकडे तिचा वापर जास्त लहान आतड्यासाठी होतो, तिथे ती खरोखर गुणाची.

वाडीकर
सरकारी कार्यक्रमात हे काही आहे का?

क्ष_किरण
राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं स्क्रीनिंग आहे, मोठ्या आतड्याचं नाही. आपल्याकडे दर लाखामागे हे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे, तेव्हा सगळ्या गावाला सीटीत घालणं शहाणपणाचं होणार नाही. म्हणजे भारतात हा निर्णय ज्याचा त्याने डॉक्टरशी बोलून घ्यायचा आहे, वय, घरातला इतिहास आणि खिसा बघून.

मधुरा_नाशिक
आले परत. दिरांचा रिपोर्ट आला. फोटो टाकता येत नाही म्हणून लिहिते: दोन पॉलिप. एक ४ मिमी, ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा. दुसरा १२ मिमी, ट्युब्युलोव्हिलस अ‍ॅडिनोमा, हाय ग्रेड डिस्प्लेझिया नाही. पूर्ण काढला आहे. त्यांना तीन वर्षांनी परत बोलावलंय. "छोटेसे" म्हणे!

पोटोबा
म्हणूनच कागद मागितला होता. १० मिमी किंवा मोठा, किंवा व्हिलस (बोटांसारख्या झालरींचा) भाग असलेला, किंवा हाय ग्रेड डिस्प्लेझिया (पेशींमध्ये जास्त बिघाड) असलेला अ‍ॅडिनोमा 'अ‍ॅडव्हान्स्ड' धरतात. दिरांचा पहिल्या दोन निकषांत बसतो. घाबरू नका, त्यांना कर्करोग नव्हता आणि पॉलिप निघालाही आहे. पण सख्ख्या भावाला साठीच्या आत असा पॉलिप निघाला की तुमचे मिस्टर सरासरी जोखमीच्या गटात राहत नाहीत. अमेरिकेतल्या गॅस्ट्रो संघटनांची २०१७ची शिफारस अशा भावंडांना चाळिशीपासून, दर ५ वर्षांनी कोलोनोस्कोपी अशी आहे. मिस्टर ५२चे आहेत. माझं स्पष्ट मत, सरळ दुर्बीण.

घरात आणखी कोणाला मोठ्या आतड्याचा, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला आहे का, तेही विचारून घ्या आणि जाल त्या डॉक्टरांना सांगा.

क्ष_किरण
माझा धंदा बुडवून सांगतो, मलाही तेच वाटतं. सीटी कोलोनोग्राफी सरासरी जोखमीच्या लोकांसाठी. दिरांचे दोन्ही पॉलिप ४ मिमीचे साधे असते तर मी म्हटलं असतं, मिस्टरांना हवी तर सीटी करा किंवा दरवर्षी फिट करा.

शंकासुर
यावर माझी हरकत नाही. नोंद घ्यावी.

मधुरा_नाशिक
ह्यांनी सगळा धागा वाचला. ओबामांचा भाग दोनदा वाचला. शेवटी "बरं" म्हणाले. आता दोन प्रश्न. ते औषध कसं प्यायचं? आणि दुर्बीण नीट झाली हे आपल्याला कसं कळणार?

हडसनकाठी
औषध: फ्रिजमधलं गार, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूने. मधे मधे लिंबू चोखायचं. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे, दुसरा भाग टाळायचा मोह होतो, टाळू नका. आणि संडास एकच असेल तर बाकीच्यांना आधीच कल्पना द्या.

पारिजात
दोन दिवस आधीपासून तीळ, टोमॅटो, पेरू, भेंडी, पालेभाज्या, कोशिंबीर बंद. मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, दही, उकडलेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी नुसते पातळ पदार्थ: नारळपाणी, गाळलेलं सूप, लिंबू सरबत. लाल रंगाचं काही नको, कलिंगडाचा रस, बीट, कोकम सरबत. आतून रक्तासारखं दिसतं.

पोटोबा
लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवायच्या, मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या असतील तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघा. सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोहोचल्याचं लिहिलंय का आणि अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो जोडलाय का. पोट किती साफ होतं त्याचे गुण, बॉस्टन स्केल म्हणतात, शून्य ते नऊ. आणि काढलेल्या प्रत्येक पॉलिपचा आकार आणि जागा. आतड्याला भोक पडण्याचा धोका स्क्रीनिंगमध्ये हजारात एकापेक्षा कमी आहे, पण शून्य नाही. घरी आल्यावर पोटात सतत दुखलं, ताप आला किंवा रक्त गेलं तर वाट बघायची नाही, लगेच जायचं.

मधुरा_नाशिक
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे.
फक्त रविवारी चुलत नणंदेच्या मुलीचं केळवण आमच्याच घरी आहे. ह्यांनी श्रीखंड-पुरी तरी खाल्ली तर चालेल का, असं विचारताहेत.

पोटोबा
नाही.

कट्ट्यावरचा_पंत
आणि संडास एकच असेल तर केळवणाच्या पाहुण्यांना काय सांगणार?

क्ष_किरण
सोमवार सोडा, बुधवार घ्या. रविवारी दुपारपर्यंत श्रीखंड मिळेल, केशर-चारोळी बाजूला काढून.

मधुरा_नाशिक
बुधवार केला.